कानबाईच्या जागेवरचं मशीन

मंगळवार, ८ जुलै. दुपारी, भांडी आटोपून
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची? इथे लिहीत जाईन.

यंदा कानबाई, आमची श्रावणातली देवी, आमच्याकडे बसणार. रविवार, ३ ऑगस्ट. तीन वर्षांनी पाळी आलीय. सगळी भाऊबंदकी जेवायला येणार, आणि देवीच्या कोपऱ्यात बसलंय यांचं मशीन!

यांनी इथे सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, सत्तावीस वर्षं कापडाचे रंग जुळवले. रिटायर होताना लोक घड्याळ आणतात. यांनी लॅबमधलं जुनं मशीन मागून आणलं. धान्याच्या कोठीएवढं. पुढे गोल भोक. भोकाला कापड लावलं की आत लख्ख उजेड पडतो आणि पडद्यावर आकडे येतात. रंगाचे आकडे! नवागामची एक खोली, एक स्वयंपाकघर. इथे रंग मोजून काय करायचं?

ठरवलं. विकायचं. असलं जुनं मशीन विकायचा उत्तम मार्ग कोणता, तो मी शोधून काढणार. मॅट्रिक झालेली आहे, अंगठेबहाद्दर नाही. सापडला की लिहायला इथे जागा सोडते.

उत्तम मार्ग:

दुसरा संकल्प. रागवायचं नाही. राग आलाच तर रामनामाच्या वहीत अकरा वेळा लिहायचं.

यांना विचारलं, विकू ना? म्हणाले, "बघ, तुला वाटतं तसं." म्हणजे खुशीने हो म्हणाले.

बुधवार, ९ जुलै
मशीन ओल्या फडक्याने पुसलं. मागच्या कप्प्यात एक छोटी पांढरीशुभ्र टाइल निघाली. किती छान! समईखाली ठेवली. तेल सांडतं ते टाइलवर सांडेल.

धनश्रीने मोबाइलवर जाहिरात टाकली. पोरगी बी.कॉम. झाली पण मराठीत टाकायला लाजते, गुजरातीत टाकली. "आई, अहीं बधा गुजराती ज वांचे." आईशी गुजराती!

अकरा वेळा.

शुक्रवार, ११ जुलै
जाहिरातीला तेवीस निरोप. सुरतेत रिकामटेकडे फार. एकाने विचारलं, डोळे तपासायचं आहे का. एकाने, यावर नोटा मोजता येतात का. बाकी सगळ्यांचं एकच, "लास्ट प्राइस?" अरे, आधी पहिली तर विचारा.

मी स्वतः एकेकाला उत्तर दिलं. रात्री धनश्री ओरडली, आई, तू गिऱ्हाइकाला 'तुमच्या घरी हेच शिकवतात का' असं लिहिलंस? लिहिलं. प्रश्न होता तो, राग नव्हता. ॲपवाल्यांनी जाहिरात काढून टाकली. त्यांनाही हेच शिकवलं असेल.

तेहेतीस वेळा.

शनिवार, १२ जुलै
गल्लीत भंगारवाला कुंदन आला. हात लावून म्हणतो, "मौसी, किलो से लगाऊंगा." किलोने! ज्या मशीनने सत्तावीस वर्षं लाखो वार साड्यांचा रंग ठरवला, ते किलोने? वर आज शनिवार. शनिवारी लोखंडाचा व्यवहार करतात का कोणी? त्याला दारात उभं करून पाऊण तास शनिमहात्म्य समजावलं. कान धरून गेला बिचारा. एक माणूस सुधारला.

हे मशीनजवळ बसून हसत होते.

गुरुवार, १७ जुलै
उधन्याचा एक दुरुस्तीवाला आला. सगळं बघितलं, खूश होता. मग विचारतो, "पांढरी टाइल कुठे आहे?" मी म्हटलं, भाऊ, तुम्ही मशीन घ्यायला आलात की बाथरूम बांधायला? तो म्हणाला, रोज आधी ती टाइल दाखवावी लागते, तेव्हा मशीनला पांढरं म्हणजे काय ते कळतं. टाइल नाही तर मशीन आंधळं. गेला.

तो जिना उतरल्यावर हे म्हणाले, "टाइल समईखाली आहे."
"मग मघाशी का नाही बोललात?"
"तू विचारलंस कुठे?"

टाइल काढली. तेलाने पिवळी, वर काजळी. सोड्याने घासली. आता तिच्यावर ओरखडे आहेत, पण स्वच्छ आहेत.

एकशे दहा वेळा. हात दुखला.

सोमवार, २१ जुलै
मोठ्या जाऊबाई, भागीरथीबाई, 'सहज' येऊन गेल्या. चहा प्यायल्या, कोपऱ्याकडे बघितलं. "कानबाईले जागा कोठे शे व, उषा? का ती बाई दारमा उभी राही?" नाही जमत तर आमच्याकडे बसवू, म्हणे. गेल्या खेपेला त्यांच्याकडेच होती. देवी काय त्यांनी विकत घेतलीय?

माझ्या घरून कानबाई परत जाणार नाही. जीव गेला तरी नाही.

गुरुवार, २४ जुलै
मार्ग सापडला! दुसऱ्यावर विसंबायचं नाही. शेअर रिक्षाने पांडेसऱ्याला गेले, मशीनचा फोटो घेऊन एकेका गेटवर. सात वॉचमननी हाकललं. एकाने विचारलं, मावशी, चंदा कसला? आठव्या गेटवर जयंतीभाई भेटले. पलसाण्याला त्यांचं कापड रंगवायचं छोटं डाईंग आहे, कामासाठी आले होते. फोटो बघून तिथेच थांबले. "आ तो जूनुं पण सोनुं छे, उषाबेन." टाइल त्यांच्याकडे दुसरी आहे. किंमत मी सांगितली तीच कबूल. शुक्रवारी, १ तारखेला टेम्पो घेऊन येतो, तपासून पैसे रोख देतो म्हणाले.

मी मुळातच व्यवहारी. घरच्यांना आत्ता कळतंय.

यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. जेवले थोडंसं. उकाडा आहे.

मंगळवार, २९ जुलै. नागपंचमी
हे रोज संध्याकाळी मशीनसमोर. कापडाच्या जुन्या चिंध्या काढतात, एकेक लावतात. आज माझ्या लग्नातल्या शालूचा पदर लावत होते. मी म्हटलं, अहो, काय मोजता? म्हणाले, "रंग उडालाय किती ते बघतोय." शालू ओढून घेतला. दोन दिवस राहिले, चालू दे.

शुक्रवार, १ ऑगस्ट. सकाळी
आज मशीन जाणार. अंघोळ करून आधी त्याची पूजा केली. माझा त्याच्यावर राग नव्हताच. सत्तावीस वर्षं आम्ही त्याच्या जिवावर जेवलो. घरातून कायमचं जाणाऱ्याला कोरं कसं पाठवायचं? लेकीसारखी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. भोकाला हळद-कुंकू लावलं. जरा जास्तच लागलं, चिमूट-दोन चिमूट आत गेलं, अक्षताही गेल्या. जाऊ दे. आतूनही पवित्र होईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
 

जयंतीभाईंनी टाइल दाखवली, मशीन सुरू केलं, पांढरंशुभ्र पॉपलीन लावलं. आकडे बघून म्हणाले, गुलाबी. स्वतःचा रुमाल लावला. गुलाबी. माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं, भोकात टॉर्च मारली. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बेन, अंदर तो लगन चालू छे."

भोकाच्या आत एक पोकळ पांढरा गोळा असतो, त्यातल्या उजेडावर सगळं मोजमाप; तो एकदा डागला की गेला म्हणे. पुसला तर आणखी जातो. मी म्हटलं, भाऊ, किंमत कमी करते. त्यांनी हात जोडले, मशीनला, मला नाही. टेम्पो रिकामा गेला. ओटीचा नारळ प्रसाद म्हणून घेऊन गेले.

वेळा मोजल्या नाहीत.

शनिवार, २ ऑगस्ट
उद्या कानबाई! सकाळीच कुंदनला फोन केला, किलोने ने बाबा, पण आत्ता ने. म्हणाला, "मौसी, आज शनिवार. आपने ही सिखाया. अब मैं शनिवार को लोहा नहीं छूता." मी म्हटलं, अरे, अडचणीत चालतं. म्हणाला, "नहीं मौसी, शनि महाराज सब देखते हैं."

रामनामाची वही संपली.

सोमवार, ४ ऑगस्ट. कानबाई नदीवर पोचवून आल्यावर
मशीन इंचभर हललं नाही. शेवटी हे उठले. मशीनवर पाट ठेवला, पाटावर माझा शालू अंथरला, चारी बाजूंनी खाली सोडला. त्यावर कानबाई बसवली. इतक्या वर्षांत अशी उंच, ऐसपैस जागा देवीला कधी मिळाली नव्हती. दारातूनसुद्धा मुखवटा दिसत होता. भागीरथीबाई बघतच राहिल्या. पुरणाचा घास हातात धरून सगळ्या भाऊबंदकीसमोर म्हणाल्या, "आते दर साल आठेच बसाडू. हाई आसन मोडानं नही." दरवर्षी इथेच, म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. देवीसमोर ठरलं. आता मोडता येत नाही.

म्हणजे मशीन घरातच. कायमचं.

मघाशी यांना विचारलं, मी भोकाला कुंकू लावत होते तेव्हा तुम्ही घरात होतात?
"होतो की. मागेच उभा होतो."
"मग बोलला का नाहीत?"
"तू हात जोडून डोळे मिटले होतेस. देवाच्या कामात मी कधी मध्ये बोललोय?"

आणि चहा मागितला. वर साखर जास्त.

चहा ठेवून ही वही काढली. पहिल्या पानावर 'उत्तम मार्ग'साठी जागा सोडली होती, तिथे पेन्सिलने, यांच्या अक्षरात, दोनच शब्द.

'ओटी भरावी.'

उद्यापासून वही गव्हाच्या डब्यात लपवायची.