गुवाहाटीचे रात्रीचे ताट

सारंगखेडा, ३ डिसेंबर २०२५

चि. कामिनीस आप्पांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बापाला मध्येच तोडतेस, म्हणून कागदावर बोलतो. कागदाचा फोटो पाठवतोय, शेवटपर्यंत वाच.

ललित मुलगा चांगला, घराणे आपल्या समाजातले. सगळे मान्य! पण गुवाहाटी? लेक देण्याचा आपल्या घरात एकच नियम: सकाळी तिचा निरोप आला, तर बाप तिच्याकडे रात्रीच्या ताटावर पोहोचला पाहिजे. तुझ्या आजोबांनी तो बैलगाडीवर पाळला, मी मोटारसायकलवर. दोन हजार किलोमीटरवर कसा पाळू? आणि मुलूख तरी कसा! आपण दुपारचा चहा ठेवतो तेव्हा तिथे दिवस मावळतो म्हणे. जिथे सूर्य थांबत नाही, तिथे माझ्यासाठी कोण थांबणार? तुला ताप आला तर मी काय करू?

तुझी आई म्हणते, हाऊ माणूस घरमा बी भाषण करी ऱ्हायना. लक्ष देऊ नकोस.

आशीर्वाद आहेत, संमती नाही.

तुझा आप्पा

पुणे, ५ डिसेंबर

ती. आप्पांस कामिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून टाळ्या वाजवल्या. शेजारीण बघायला आली.

आता माझे ऐका. सुरत ते दिल्ली पावणेदोन तास, दिल्ली ते गुवाहाटी अडीच. एवढ्यात तुमचे आभारप्रदर्शनही उरकत नाही! सोमवारचे तिकीट पाठवलेय. सकाळी निघा आणि नियम तपासा. ललितच्या आईंना, अनुसयाबाईंना, कळवलेय की आप्पा जेवायला येतील. ताट चुकले तर मी या लग्नाचे नाव काढणार नाही. मिळाले तर तुम्ही आडवे यायचे नाही.

एक विचारू? मयूरीताई जवळच्या खापर गावी दिली, नियमात चोख बसवून. तिच्या ताटावर तुम्ही शेवटचे कधी बसलात?

रागवा, पण माया आटू देऊ नका.

कामिनी

गुवाहाटी, ९ डिसेंबर

चि. कामिनीस आशीर्वाद.

विमानांनी दगा दिला नाही. दगा दिला आपल्या सारंगखेड्याने! घोड्यांच्या यात्रेतली एक पांढरी घोडी भर रस्त्यात नाचायला लागली आणि गाड्या अडल्या. वाहतुकीची शिस्त या विषयावर मी जीपच्या पायरीवर उभा राहून चार शब्द बोललो. लोक ऐकायला जमले आणि उरलेला रस्ताही बंद झाला. विमान गेले. संध्याकाळच्या विमानाने निघालो. इथे पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

दारातच जाहीर केले की नियम मोडला, मी जिंकलो. आत पाहतो तर ताटे कोरडी! ललित जेवला नव्हता, अनुसयाबाई जेवल्या नव्हत्या. मी म्हणालो की जेवणाची वेळ केव्हाच टळली. त्या म्हणाल्या, तुम्ही आल्याशिवाय इथे रात्रीचे जेवण होतच नाही. मग भाकरी थापायला बसल्या.

पोरी, पस्तीस वर्षे माइकसमोर उभा आहे, पण इथे भाषण सोडून हात धुतले आणि ताटावर बसलो. शेवेची भाजी फार तिखट होती. डोळ्यांतले पाणी तिखटाचेच, असे आईला सांग.

ताट मिळाले. तारीख काढा.

परवा सुरतेला उतरून थेट घरी येत नाही. मयूरीला कळव, आप्पा जेवायला येतोय. वाटेत गर्दी लागली तरी गाडीतून उतरणार नाही.

तुझा हरलेला आप्पा