कवडूभाऊंचं जॅकेट

१० नोव्हेंबर, सोमवार

नाववाला मिळाला!! कवडूभाऊ. पन्नाशीचे, ढिवरांच्या घरातले, बाप-आजा सगळे कन्हान नदीत मासे धरणारे. सुटले एकदाची! पुलाच्या कामावर सेफ्टी ऑफिसर होऊन मला आठवडा झाला. वर एक्केचाळीस माणसं, खाली वीस फूट पाणी, आणि बचावाची नाव आठवडाभर नुसती खुंटाला बांधलेली. कोणी पडलं असतं तर मी काय काठावर शिट्टी वाजवत बसले असते? भाऊंनी वल्हं घेतलं, तिसऱ्या खांबाला वळसा घालून परत आले. हात बघूनच कळलं. लगेच त्यांचा फॉर्म भरून टाकला, सही घेतली, कामाला लावलं.

स्टोअरवाल्याचा मात्र राग आलाय. नाव, पत्ता विचारला — मोनाली मेश्राम, जरीपटका — आणि दात काढत निळं हेल्मेट पुढे केलं. ‘तुमच्यासाठी निळंच, मॅडम!’ सेफ्टीवाल्यांना हिरवं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. निळ्याचं मला वावडं नाही, आमच्या दारावर जयंतीचा निळा झेंडा वर्षभर असतो. पण आधी विचारायचं तरी! आडनाव ऐकलं की यांना माणूस पाठ.

१३ नोव्हेंबर

लाइफ जॅकेट कोणी घालत नाही. घसा बसला ओरडून. एकाला गरम होतं, एकाला हात वर जात नाही. अंकुश — सेंट्रिंगवाला, उमरेडचा, कामाला वाघ — जेवणानंतर जॅकेट उशाशी घेऊन झोपतो! वर म्हणतो, ‘मॅडम, कामाचं आहे हे. आत्तापर्यंत काहून नाही देलं?’

घालतात ते फक्त कवडूभाऊ. सगळे पट्टे करकचून. डबा खातानाही काढत नाहीत.

१५ नोव्हेंबर

युक्ती सापडली! सकाळच्या हजेरीला भाऊंनाच सगळ्यांपुढे उभं केलं. म्हटलं, बघा, एवढा पट्टीचा पोहणारा माणूस पट्टा ढिला सोडत नाही, आणि तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात? सगळे आपापलं जॅकेट शोधायला लागले. अंकुशसुद्धा. भाऊ खाली मान घालून चपलेनं माती उकरत राहिले. लाजाळू आहेत.

१७ नोव्हेंबर

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस!! सगळ्यांच्या अंगात जॅकेट. आज दोन समोसे खाल्ले.

१९ नोव्हेंबर

अंकुश पडला.

वाचला. आधी हेच लिहायला हवं होतं — वाचला, वाचला, वाचला.

पावणेबाराला. फळी सरकली आणि तो खांबावरून सरळ पाण्यात. मला फक्त आवाज आला. वर सगळे ओरडत होते आणि माझे पाय काठावर जागच्या जागी. शिट्टी तोंडात, फुंकर निघेना. तेवढ्यात कवडूभाऊंची नाव निघालेली! आधी रिंग फेकली, मग लांब आकडा जॅकेटच्या पट्ट्यात अडकवला, आणि ओढला वर. तीन मिनिटं. अंकुशच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, डोक्याला खोक होती. जॅकेट नसतं तर आकडा अडकवायचा कशात? आणि सहा दिवसांपूर्वी ते उशाशी होतं.

काठावर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर ‘माहा हातोडा गेला ना, मॅडम!’ मी हसले, आणि मग मस्टरच्या खोलीत दार लावून भरपूर रडले.

घरी आईनं तोंड बघितलं. ‘काहून रडून राहिली वं?’ म्हटलं, काही झालं नाही म्हणून रडतेय. तिनं गरम भाकर वाढली.

२० नोव्हेंबर

डोक्याला तीन टाके. अंकुश सोमवारी कामावर येतो म्हणतोय. मी आज बारा तास झोपले असते, पण रवींद्र सरांनी बोलावलं. आमचे हे प्रोजेक्ट मॅनेजर एकदम खूश! हेड ऑफिसचे लोक २६ला येणार, कवडूभाऊंचा सत्कार. आणि सत्काराआधी प्रात्यक्षिक: भाऊ खांबावरून उडी मारतील, पुतळा बुडत असेल, तो पोहत काठाला आणतील. ‘जॅकेटशिवाय. फोटो चांगला येतो.’

मी म्हटलं, सर, जॅकेटशिवाय माझ्या साइटवर कोणी पाण्यावर जाणार नाही. तुम्हीसुद्धा. कुठून बोलले देव जाणे! ते हसले आणि म्हणाले, बरं, घालू द्या जॅकेट. जिंकले.

२२ नोव्हेंबर

भाऊंना सांगितलं. वाटलं खुलतील. कितीतरी वेळ वल्ह्यावरून अंगठा फिरवत राहिले. ‘आकड्यानं नाही चालत का, मॅडम? नावेतूनच?’ म्हटलं, अहो, तुम्हाला उडीचं काय! माशाच्या पोटचे तुम्ही! सगळे हसले. तेही हसले.

२४ नोव्हेंबर

भाऊ आले नाहीत. दुसरा नाववाला नाही, म्हणून पाण्यावरचं काम दिवसभर बंद ठेवलं. रवींद्र सर बोलले, ते ऐकून घेतलं. अंकुश डोक्याला पट्टी बांधून हजर! फोन लावला तर भाऊंच्या आई, जिजाबाई. ‘ताप गिप काही नाही आला त्याले. दोन दिस झाले, जेवून नाही राहिला.’

संताप आला. भाव खातात की काय आता? सत्कार म्हटल्यावर डोक्यात गेलं? उद्या आले की चांगलं सुनावते.

२५ नोव्हेंबर

आले. उभ्या उभ्याच म्हणाले, ‘मले पोहता येत नाही, मॅडम. थोरला भाऊ बुडाला, तवापासून मायनं पाण्यात उतरूच नाही देलं. नाव हाकता येते फक्त.’

मग कामाला लागताना सांगितलं काहून नाही?

‘तुम्ही इचारलंच कुठं?’

फाइल काढली. ‘पोहता येते का?’ — पुढे ‘हो’ लिहिलंय. अक्षर माझं.