बिनकानाचा घोडा

तीर्थस्वरूप मामा,

आपल्या पायांना (खरं म्हणजे गुडघ्यांना; माझी कंबर हल्ली तिथवरच वाकते) भाच्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तुमचा खोकला गेला असेल. खोकल्याचं औषध तुम्ही अजूनही मामींची नजर चुकवून कुंडीत ओतत असाल, तर त्या झाडाची प्रकृती कशी आहे तेही कळवावं. मामींना माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नका. का, ते पुढे येईलच. मी फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला खोटं बोलता येत नाही, म्हणून पत्र.

तुमचं पत्र पोचलं. नाण्यांचं कपाट, ते बारीक बारीक कप्प्यांचं, ज्याला हात लावायच्या आधी आम्हाला साबणानं हात धुवावे लागायचे, ते तुम्ही आता दोन भाच्यांपैकी एकाला देणार, हे वाचून ऊर भरून आला. देणार ते धीराच्या माणसाला, हे वाचून तो लगेच रिकामा झाला. दुसरा भाचा म्हणजे माझा मावसभाऊ, ज्याला आपण दोघंही त्याच्या पाठीमागे शहाणा म्हणतो. आणि रविवारी आम्ही दोघांनी यायचं, येताना मी तुम्ही लहानपणी दिलेला तांब्याच्या नाण्यावरचा घोडा आणायचा, कारण तुम्हाला नुकताच तसाच पण बिनकानाचा एक घोडा मिळालाय (तुमच्या भाषेत ‘अकर्ण अश्व’), ती नक्की टाकसाळीतली चूक असणार, आणि म्हणून तुम्हाला दोन्ही घोडे भिंगाखाली शेजारी शेजारी उभे करायचेत. एवढं वाचलं आणि मी मटकन खाली बसलो. आधी बसलेलोच होतो, म्हणून उठून पुन्हा बसलो.

तेव्हा रविवारच्या आधी माझी हकिगत तुमच्या कानावर घातलेली बरी (डाव्या कानावर, चांगल्या).

जुन्या बाजारात चप्पल शिवणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामध्ये एक जण फळीवर नाणी मांडून बसतो. त्याला मी कुजबुज्या म्हणतो, कारण तो कधीच मोठ्यानं बोलत नाही. भाव सांगणार तो कानात, पाऊस पडेलसं वाटतंय हेही कानात. ऐकायला आपण वाकतो, वाकलं की नाणं डोळ्यांसमोर येतं, डोळ्यांसमोर आलं की हातात येतं, आणि हातात आलेली वस्तू मी आपणहून खाली ठेवल्याचं तुम्हाला कधी आठवतंय का? (दुकानात शिरताना मला दोन्ही हात खिशात घालायला लावायचात ते तुम्हीच.) पहिल्याच भेटीत त्यानं मधोमध भोक असलेलं एक काळपट तांब्याचं चकतं माझ्या तळहातावर ठेवलं आणि कानात म्हणाला, “हे साधं नाही.” बस्स. आवडलेल्या वस्तूला एक रात्र द्यायची, सकाळीही ती हवीशी वाटली तरच घ्यायची, हा तुमचा नियम मला तोंडपाठ आहे. पण मामा, त्या चकत्याला मी एक रात्र देईपर्यंत ते दुसऱ्या कुणी नेलं असतं तर? मी घेतलं. चार दिवस ऑफिसात जो भेटेल त्याला दाखवलं. शेवटी आमच्या मेकॅनिकनं ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, साहेब, हा वायसर कुठल्या लिफ्टचा काढून आणलात? मी म्हणजे लिफ्ट तपासणारा माणूस. शहरभरातल्या लिफ्टचे ब्रेक लागतात की नाही ते बघून सही करतो, आणि माझ्या स्वतःच्या ब्रेकची ही तऱ्हा. वर त्या वायसरला मी मखमलीची डबी घेतली होती. ती आता त्याच्यासकट बायकोनं जप्त केली आहे.

पण कुजबुज्यानं मला फसवलं, असं म्हणायची सोय नाही. तो म्हणाला साधं नाही, आणि ते साधं नव्हतंच. मला सांगा, नाण्यांच्या बाजारात वायसर किती मिळतात?

यानंतर मी खरोखर चांगली, हिरवट काळी, माहीतगार माणसानं बघून मान डोलवावी अशी मूठभर नाणी घेतली. ती घरी आणली आणि लिंबू-मीठ लावून घासली. (पत्र जरा बाजूला ठेवा, पाणी प्या, मग पुढे वाचा.) तुम्ही कधी सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही सांगितलं होतं की तांब्यावरचा तो रंग म्हणजे त्याचं वय, तो घासला की सगळं गेलं. पण मला ती इतकी केविलवाणी वाटली, आणि लिंबू समोरच होतं. अशी लखलखली म्हणता! दुसऱ्या दिवशी कौतुकानं कुजबुज्याला दाखवायला नेली, तर त्यानं एकेक हातात घेऊन पाहिलं, डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजारच्या चप्पल शिवणाऱ्यानं मला बसायला स्टूल दिलं.

आता मुख्य प्रकार. गेल्या पंधरवड्यात कुजबुज्याकडे एक मोठं नाणं आलं. एका बाजूला मासा, एका बाजूला चंद्र. मी फक्त बघायला वाकलो. तो म्हणाला, हे विकायचं नाही, बदल्यात द्यायचं आहे, आणि हलकेच मागे बघून म्हणाला, ते गृहस्थ सकाळपासून याच्यासाठीच उभे आहेत. मी वळून पाहिलं. खरंच एक गृहस्थ उभे होते, घड्याळ बघत होते, घाम पुसत होते. मी खिसे उलटे करून फळीवर रिकामे केले. चाव्या, रुमाल, वायसर (दुसरा, तो विषय वेगळा), आणि घोडा. कुजबुज्याचं बोट घोड्यावर गेलं. मी हो म्हणालो. मामा, मी ‘हो’ म्हणालो आणि तेवढ्यात त्या गृहस्थांना किल्लीवाल्यानं त्यांची घासून झालेली किल्ली दिली आणि ते निघून गेले.

मासा घरी आला. तुमची भाचेसून दातांची डॉक्टर, तुम्हाला माहीतच आहे. दातांच्या टोप्या ओतण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिनं मासा दवाखान्यातल्या खुर्चीवरच्या दिव्याखाली धरला, आरसा फिरवला आणि मला “आ करा” म्हणायच्या सुरात म्हणाली, हे ओतीव आहे. टाकसाळीत नाणं ठोकतात, हे साच्यात ओतलंय. ही बघा कडेची शिवण, हे बुडबुडे. माझ्या हाताखालची मुलगी याहून सफाईदार दाढ करते. मी रात्रभर तळमळलो (म्हणजे मी माशाला एक रात्र दिली, नियम पाळला, फक्त क्रम चुकला). सकाळी बाजारात धावलो. घोडा गेला होता. कुणी नेला? कुजबुज्या म्हणाला, गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. हे मात्र तो इतक्या हळू म्हणाला की मला तीनदा विचारावं लागलं.

आई दवाखान्यात होती आणि मी तुमच्याकडे राहायला होतो, तेव्हा तुम्ही तो घोडा माझ्या मुठीत ठेवलात आणि म्हणालात, घट्ट धर, सोडलास तर पळेल. आई घरी आली तरी मी तो सोडला नाही. शाळेत, परीक्षेत, नोकरीच्या मुलाखतीत, लग्नात, लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर, घोडा खिशात आणि माझा अंगठा घोड्यावर. माझ्या सगळ्या संग्रहात जपलेलं नाणं एवढं एकच होतं, आणि ते मी एका ओतीव माशासाठी दिलं. मला फार वाईट वाटतंय, मामा.

असो. तात्पर्य असं की मी आता पूर्ण शिकलो आहे. शहाण्यानं आजवर एकही नाणं घाईनं घेतलेलं नाही (आणि सावकाशही घेतलेलं नाही), तेव्हा तो शिकणार कशातून? या दृष्टीनं पाहता कपाटाला माझ्याइतका तयार झालेला भाचा तुम्हाला मिळणार नाही. रविवारी मी येतो. घोडा येऊ शकणार नाही.

कळावे, लोभ आहेच, तो रविवारनंतरही राहावा.

तुमचा,
(हात खिशात घातलेला) भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी काल पुन्हा एकदा बाजारात गेलो होतो. कुजबुज्याचा घसा बसला होता. किल्लीवाल्यानं कारण सांगितलं. मध्यंतरी म्हणे एक आजोबा आले. त्यांना कुजबुज कळेना, ते सारखे “काय?” म्हणत होते, तेव्हा याला जन्मात पहिल्यांदा बाजार गोळा होईपर्यंत ओरडून सांगावं लागलं, की हे साधं नाही! त्यासरशी आजोबांनी उभ्या उभ्या नाणं घेतलं, बसलेही नाहीत, रात्र वगैरे देण्याचा प्रश्नच नाही, आणि आनंदात छत्री विसरून गेले. छत्री मी पाहिली. मुठीला मामींनी बांधलेली हिरवी लोकर आहे. छत्री बसमध्ये हरवली, असं तुम्ही मामींना सांगितल्याचं त्या मला परवाच फोनवर म्हणाल्या.

ता. क. दुसरा. ती टाकसाळीतली चूक नाही, मामा. तुम्ही दिलात तेव्हा घोड्याला दोन्ही कान होते. ते माझ्या अंगठ्यानं गेले. तेव्हा रविवारी तुम्ही दोन घोडे शेजारी शेजारी ठेवू शकणार नाही, कारण घोडा एकच आहे. मी सोडल्यावर तो पळाला खरा, पण नीट तुमच्याच घरी गेला.

ता. क. तिसरा, आणि एवढ्यासाठीच सगळं लिहिलं. कपाट शहाण्याला द्या. मी कुरकुरणार नाही, वाहून न्यायला मदतही करीन. घोडा तेवढा मला परत द्या. छत्री माझ्याकडे आहे. मामींना मी काही बोलणार नाही.

ता. क. चौथा. टपालपेटीच्या वाटेवर कुजबुज्याची फळी लागते, म्हणून पत्र टाकायला हिला देतो आहे. तिला असल्या गोष्टींचा मोह नाही.

मामा, नमस्कार. पाकीट वाटेत उघडून मी हे लिहिते आहे. यांच्या त्या नाणीवाल्या माणसाकडे दात उपटायचा एक फार जुना चिमटा होता. मी फक्त बघायला वाकले. तो बसक्या आवाजात म्हणाला, हा साधा नाही. चिमटा पर्समध्ये आहे. यांना कळवू नका. आणि घोडा देऊन टाका हो. तो गेल्यापासून हे खिशात हात घालून नुसता अंगठा फिरवत असतात, अगदी झोपेतसुद्धा. अस्तर फाटलंय.