काशीचं रिकामं पातेलं

शरणपूर, नाशिक. रविवार संध्याकाळ, जानेवारी १९७९

रूथ, आजीच्या वहीत मी बोलते तसंच लिही. शाळेतलं मराठी घालू नकोस.

आज चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, येशूवर विश्वास ठेवला की तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट मिळतं, बदल्यात काही द्यायचं नसतं. पटेना. शेजारणीचं पातेलंसुद्धा मी कधी रिकामं धाडलं नाही, तळाशी चिमूटभर साखर तरी घालते. मग देवाच्या दारी हात हलवत जायचं? माझ्या वयाला हा प्रश्न काही लांबचा नाही. हसू नकोस, लिही.

माझ्या तापात शेजारच्या काशीने रोज खिचडी पाठवली. तिचं पातेलं घासून ठेवलंय, पण घरात साखरेचा कण नाही. म्हणून दडवून बसले होते, तर संध्याकाळी तीच दारात.

"काकू, पातेलं द्या."

"थांब गं, रिकामं कसं देऊ?"

"रिकामं असलं तरी माझंच ना? तुम्ही उठून बसलात, बास झालं."

आणि गेली की घेऊन. रिकामं असलं तरी माझंच. वरचाही मला असंच म्हणेल का? म्हणेल बहुतेक. काशीपेक्षा कोत्या मनाचा तर नसेल.

जीव हलका झाला बघ. उद्या साखर आणली की वाटीभर तिला देऊन ये. परतफेड म्हणून नाही, खिचडी चांगली होती म्हणून. मीठ जरा कमी होतं, ते लिहू नकोस.