मुलाखतीला जोडून सहल

सोमवार, ३ मार्च
बायकोला राजधानीतल्या मोठ्या इस्पितळातून मुलाखतीचं बोलावणं आलं. रक्ततपासणीच्या लॅबची प्रमुख. मी म्हटलं, तिघंही जाऊ, छान सहल करून टाकू. भिंगरी चार वर्षांची झाली, तिनं शहर बघायला नको? ही म्हणाली, मी एकटी जाऊन येते, सोपं पडेल. म्हणजे एकटीनं जायची भीती वाटते आहे. बोलून दाखवत नाही, एवढंच.
सगळी जबाबदारी मी घेतली. गोदामातून रोज ट्रकच्या ट्रक वेळेवर बाहेर काढणाऱ्या माणसाला एक पोर काय जड आहे?
नोकरी मिळणं कठीणच आहे म्हणा. हिच्या काळजीपोटी लिहितो आहे.

गुरुवार, ६ मार्च
कार्यक्रम तयार. संग्रहालय, मनोरा, मत्स्यालय, बोट, बाग. ही म्हणाली, दिवसाला एकच ठिकाण ठेव, भिंगरीला दुपारी झोप लागते. मी समजावलं की नव्या जागी मुलं झोप विसरतात. ही उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. पटलं असावं.
हिला खोली इस्पितळाजवळ हवी होती. मी मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ घेतली. शांत भाग आहे.

रविवार, ९ मार्च
रंगीत तालीम. भिंगरीला बाजारातून नदीच्या पुलापर्यंत चालवत न्यायचं ठरवलं. पहिल्या चौकातच तिनं रस्त्यावर बसकण मारली. खांद्यावर घेऊन परत. दोष बुटांचा. ही म्हणाली, बाबागाडी घेऊ. साफ नाही म्हटलं. मुलांना चालायची सवय हवी.
पाठ दुखते आहे. ऑफिसची खुर्ची बदलून घेतली पाहिजे.

बुधवार, १२ मार्च
ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करत होती. मी जाऊन विचारलं, बोटीची तिकिटं आधीच काढू का. तिनं मान वर न करताच विचारलं, ही नोकरी मी घ्यावी असं तुला वाटतं का? मी म्हटलं, म्हणजे काय, अर्थात. आणि बोटीचं पुन्हा विचारलं. तिनं पुस्तकं उचलली आणि आतल्या खोलीत गेली. दार जरा जोरात लागलं. वारा होता.

रविवार, १६ मार्च
पोहोचलो. लिफ्ट बंद, खोली चौथ्या मजल्यावर. खिडकीखाली रस्ता खोदताहेत. खोदकाम हे चांगल्या वस्तीचं लक्षण आहे, असं मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही, ड्रिलचा आवाज फार होता.
संग्रहालयाच्या दारात भिंगरी झोपली. आत गेलो नाही. कार्यक्रम एक दिवसानं पुढे सरकवला. आमच्या धंद्यात हे चालायचंच.

सोमवार, १७ मार्च, सकाळ
मुलाखत आज. ही टॅक्सी करू म्हणत होती. मी म्हटलं, मेट्रो, एकदाच बदलायची, नकाशा तोंडपाठ आहे. बदललेली गाडी उलट्या दिशेची निघाली. स्टेशनवरच्या पाट्या अत्यंत गोंधळाच्या आहेत. शेवटची गल्ली ही चपला हातात घेऊन पळाली. वळून भिंगरीला हात केला. मलाही केला असावा.

तोच दिवस, दुपार
अक्षर वाकडंतिकडं येतं आहे. कॉफी जास्त झाली.
मत्स्यालयात होतो. बोटीची वेळ बघायला फोन काढला. मान वर केली तर भिंगरी नाही.
अंधारी दालनं, निळा उजेड, सगळीकडे पोरंच पोरं, पाठमोरी सगळी सारखी. हाका मारल्या. शार्कच्या बोगद्यातून पळत गेलो, पळत परत आलो. एका बाईंनी मला बघून आपल्या मुलाला जवळ ओढलं. हिला फोन करायला हवा होता. फोनवर तिचं नाव काढलं आणि ते दाबायला हात पुढे होईना.
तेवढ्यात लाउडस्पीकर. एक बाबा हरवले आहेत. तपकिरी स्वेटर, डोक्यावर मध्ये केस नाहीत. त्यांची मुलगी दारापाशी वाट बघते आहे. लोक हसले.
भिंगरी सुरक्षारक्षक बाईंच्या खुर्चीत बिस्किट खात होती. मला बघताच रागावली. असं कुठेही जायचं नाही बाबा, म्हणाली. मी खाली बसलो. फरशी छान गार होती.
रक्षक बाई म्हणाल्या, पोर स्वतःहून आली, बाबा हरवला म्हणाली आणि आईचा नंबर घडाघडा सांगितला. म्हणजे फोन गेलाच होता, थेट मुलाखतीच्या दाराशी. हिनं विचारलं, मुलगी बरी आहे ना, जरा सांभाळाल का. मग म्हणाली, आता त्यांना शोधा. आणि मुलाखतीला आत जायचं म्हणून फोन ठेवला.

तोच दिवस, संध्याकाळ
ही इस्पितळातून बाहेर आली, भिंगरीला उचललं, कितीतरी वेळ खाली ठेवलं नाही. मत्स्यालयातली लाउडस्पीकरची सोय उत्तम आहे, असं मी सांगितलं. ही म्हणाली, आता एक शब्द बोलू नकोस.
नंतर खोलीवर कळलं. आत विचारलं होतं, अचानक संकट आलं तर डोकं शांत कसं ठेवता? तिनं नुकताच आलेला फोन सांगितला. सगळे खूश झाले. म्हणजे एका अर्थी माझा हातभार लागलाच.

शुक्रवार, २८ मार्च
नोकरी मिळाली.
अभिनंदन केलं. सामान हलवायचं सगळं मी बघतो म्हटलं. ही म्हणाली, ठरलं आहे सगळं. घर इस्पितळासमोर, बालवाडी त्याच इमारतीत. घर कधी बघितलं विचारलं. मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणाली, तू बोटीच्या तिकीटखिडकीवर भांडत होतास तेव्हा.
मग मी कधी येऊ, विचारलं. ती म्हणाली, तुला खरंच यावंसं वाटेल तेव्हा. मी गोदामाची नोटीस, बदलीचे नियम, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, मी ते विचारलं नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल
दोघी सकाळी गेल्या. एक बॅग, एक बाबागाडी. गाडी वेळेवर आली, वेळेवर सुटली. मला करण्यासारखं काहीच नव्हतं.
संध्याकाळी फोन आला. वाटेत काही अडचण, विचारलं. नाही, म्हणाली, काहीच नाही. भिंगरी दुपारी मस्त झोपली, आता खेळते आहे. मागून तिचा आवाज येत होता. माझ्याशी बोलायला बोलावलं, पण तिला वेळ नव्हता.
छान, म्हटलं.
तू जेवलास का, हिनं विचारलं. हो म्हटलं. तसा अजून जेवलेलो नाही. पण जेवणार आहे. निदान तसं ठरवलं तरी आहे.