मोटारीचा मेसेज जाईना
सावेडी, मंगळवार, संध्याकाळ

आज डोक्याला नुसता ताप. राहुरीला शेतात लाईट आली, पण इथून मोटार चालू करायचा मेसेज काही केल्या जाईना. सारखं तेच लाल उद्गारचिन्ह! फोन बंद-चालू केला, सिम काढून पदराला पुसलं. वडिलांना फोन लावला, तर उचलेनात. शेवटी कळलं, मेसेज दुसऱ्या सिमवरून जात होता आणि त्याचा रिचार्जच संपलेला. मूर्ख मी! सिम बदललं, लाल चिन्ह गेलं, लगेच स्टार्टरचं उत्तर आलं: मोटार आधीच चालू आहे.

म्हणजे वडील गेले. तो दुखरा गुडघा घेऊन, विहिरीपर्यंत. त्यांना चालावं लागू नये म्हणूनच ना हा मोबाईलवरचा स्टार्टर बसवला?

नंतर त्यांचाच फोन. "तू कामात असशील, म्हनून मीच गेल्तो, पोरी."