आग्यांचा अनाथाश्रम

पडेगाव, औरंगाबाद
२ नोव्हेंबर २००३

चि. काकासाहेब यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मी खुशाल आहे. तुम्हीही फुलंब्रीत खुशाल असाल असं धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस.

फोन करत जा, असं तू भाऊबीजेला पुन्हा सांगितलंस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सारी नोकरी इतरांची बोलणी जोडून देण्यात घालवली. त्यातून एकच शिकले, की फोनवर कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्रात मध्ये बोलायची सोय नसते.

आता ओवाळणीचं. जगातले भाऊ बहिणीला साडी देतात. तू पेटीभर मधमाश्या दिल्यास, त्याही इटालियन. तुझा तो सिल्लोडचा पेटीवाला, गयास, पेटी अंगणात मांडून गेला. जाताना म्हणाला की या माश्या लई गरीब आहेत, उगा कुणाला डसत नाहीत. मग त्यांचा उपयोग काय, असं मी विचारलं तर हसला. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेस इटलीच्याच होत्या. त्या डसायच्या.

माझ्या चिंचेवर बसतं ते आग्यामोहोळ बघ. सुपाएवढं पोळं. मीटर वाचणारासुद्धा त्यांचा अंदाज घेऊन फाटक उघडतो. याला म्हणतात माशी! तुझ्या या पिवळ्या बायका येईल त्याचं स्वागत करतात. तरी भावाची भेट म्हणून ठेवून घेतली आहे. भावजयीला, साळूला, आशीर्वाद.

तुझी,
आवडाअक्का

*

फुलंब्री
१४ नोव्हेंबर २००३

ती. आवडाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. साळूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, साडी दिली असती तर अक्कांना काठ आवडला नसता, मग पदर आवडला नसता, दोन पत्रं आली असती. माश्यांवर एकातच भागलं.

इथली हकिकत अशी. यंदा कपाशी सोडून कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट धरला. कांद्याच्या गोंड्यावर माशी बसली नाय तर गोंडा नुसता फुलतो, आत बी धरत नाय. आपल्या शिवारात फवारण्यांनी माशी राहिलीच कुठं? म्हणून फेब्रुवारीत फुलोरा आला, की गयास त्याच्या साऱ्या पेट्या माझ्या बांधावर मांडणार हाय. आमचं सारं वर्ष त्या इटालियन बायकांच्या पायांवर हाय. तेव्हा फेब्रुवारीपर्यंत तरी त्यांना नावं ठेवू नका.

आग्यांपासून जपा. त्यांना तुम्ही कोण ते ठाऊक नाय.

कृपा असावी.
तुमचा,
काकासाहेब

*

पडेगाव
९ डिसेंबर २००३

चि. काकासाहेब यास,
अनेक आशीर्वाद. एक वाईट आणि एक चांगली बातमी आहे.

शेजारच्या बंगल्यात लग्न निघालं. वाजंत्रीने आग्या उठतील या भीतीने त्यांनी मला न विचारता दौलताबादहून बन्सीला बोलावलं. हा मोहोळ उतरवणारा माणूस. त्याने धूर केला, माश्या उठवल्या, मध पातेल्यात घेतला आणि अळ्यांनी भरलेलं पोळं तसंच मातीत टाकलं. मी बाहेर येऊन विचारलं की हे काय? तो म्हणाला, बाई, ह्यात मध नसतो, नुसती पिल्लं असतात. मी त्याला सांगितलं की तुझ्या घरच्या पाळण्यातही मध नसतो. त्यावर तो सायकल घेऊन गेला.

आमच्या शाळेला लागून अनाथाश्रम होता. कुणी दाराशी मूल ठेवून गेलं, तर सिस्टर ॲग्नेस त्याचं कूळ विचारत नसत. उचलून सरळ दाईच्या ओटीत घालत. मीही तेच केलं. पिल्लांच्या पोळ्याचा चांगला तुकडा निवडला, केळीच्या सोपटाने रिकाम्या चौकटीत बांधला आणि तुझ्या इटालियन पेटीत सोडला. तुझ्या बायकांनी जरा हुंगलं आणि लगेच कामाला लागल्या. आता परक्यांची लेकरं आपली म्हणून वाढवताहेत. त्यांच्याविषयी माझं मत थोडं बदललं आहे. थोडंच.

साळूला सांग, आता माझ्या घरात आग्या वाढत आहेत.

तुझी,
आवडाअक्का

*

पडेगाव
१६ जानेवारी २००४

चि. काकासाहेब यास,
आशीर्वाद. मत पूर्वीच्या जागी आलं आहे.

माझ्या आग्यांच्या लेकरांपैकी एकही जगलं नाही. आणि आता इटालियन माश्या पेटीसमोर जमिनीवर सरपटताहेत. पंख चुरगळलेल्या कागदासारखे, उडायला येत नाही. पेटीच्या दारात मेलेली पिल्लं आणून टाकतात. दाई म्हणून ज्यांच्या ओटीत मूल घातलं, त्या मुळातच रोगी निघाल्या. मी आधीच ओळखायला हवं होतं. बाहेरून आणलेल्या जिनसा बाहेरचा रोग घेऊनच येतात. गाजरगवत बघ, आलं कुठून आणि बसलंय कुठे!

चिंचेवर आग्या पुन्हा बसले तर त्यांना लागण नको. म्हणून तिळगुळाबरोबर तुझी पेटीही परत पाठवते आहे. तिळगूळ घे आणि गोड बोल. मी पुढच्या वर्षी बोलेन.

पुढचं गयासला मोठ्याने वाचून दाखव. तुझ्या माश्या रोगट, तुझ्या पेट्या रोगट. आजारी माल धडधाकट म्हणून गळ्यात मारणाऱ्याला आमच्या शाळेत एक शब्द होता. तो मी मराठीत लिहीत नाही, कारण तुला कळेल.

तुझी,
आवडाअक्का

*

फुलंब्री
१३ फेब्रुवारी २००४

ती. आवडाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि. तुमची आज्ञा म्हणून मी ते पत्र गयासला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो बांधावर जेवत होता. घास खाली ठेवला. म्हणाला, माझा माल साफ होता, अक्कांनी मला खोटा म्हटलं. तुमची पेटी त्यानं आपल्याच पेट्यांच्या रांगेत मांडली, माझीच माशी हाय, आजारी असली तरी जाईल कुठं म्हणून.

आता ऐका. त्याच्याही माश्या सरपटाय लागल्या. आधी तुमच्या पेटीच्या शेजारची पेटी, मग तिच्या पलीकडची. पिल्लांच्या पोळ्याचं झाकण टोकरलं की खसखशीएवढे तांबडे किडे तुरुतुरु पळतात. गयासनं असं कधी पाहिलं नाय. तो म्हणतो अक्कांची नजर लागली. साळू म्हणते, अक्कांची नजर लागली असती तर माणूस सरपटला असता.

हसू येतं ते वरवरचं, अक्का. कांदा फुलून सारं रान पांढरं झालंय. याच वेळी माशी पाहिजे. गयास म्हणतो की इथं राहिलो तर सारंच मरेल, टेम्पो बोलावतो अन् पेट्या सिल्लोडला मेव्हण्याच्या बागेत नेतो. त्या गेल्या की माझा प्लॉट म्हणजे नुसता फुलांचा बाजार. बी एक धरणार नाय.

काड्यापेटीत पोळ्याचा तुकडा पाठवतो हाय, एसटीचा कंडक्टर पुंजाराम आणून देईल. तुम्ही शिकलेल्या. काय ते बघा.

तुमचा,
काकासाहेब

*

पडेगाव
१७ फेब्रुवारी २००४

चि. काकासाहेब यास,
आशीर्वाद. काड्यापेटी पोचली. पुंजारामला ती कानाशी लावून ऐकायची सवय आहे, ती मोडायला सांग.

भिंग घेऊन किडे पाहिले. मग माझा मुद्दा कायमचा सिद्ध करावा म्हणून बन्सीला निरोप धाडला. आग्यांचं ताजं पोळं पिल्लांसकट आण, म्हटलं. इटालियन पोळं एका ताटलीत, आग्यांचं दुसऱ्या ताटलीत मांडायचं. एकीकडे घाण, दुसरीकडे खानदान, आणि तुला लिहायचं की बघ. तो बिचारा किल्ल्याच्या बाजूचं एक मोहोळ उतरवून घेऊन आला.

काकासाहेब, दुसऱ्या ताटलीतही तेच किडे. तसेच तांबडे, तसेच पळणारे. दोन्ही ताटल्यांतले एकत्र केले असते तर त्यांनाही आपापली ताटली ओळखता आली नसती. बन्सी म्हणाला की आग्यांच्या पोळ्यात हे असतातच. तो त्यांना मीठ म्हणतो.

मग दोन्ही ताटल्या घेऊन रिक्षाने विद्यापीठात गेले. प्राणिशास्त्राच्या बाईंनी पाहताच सांगितलं, हा आग्यांचाच परजीवी. आग्यांना त्याचा फारसा त्रास नाही, कारण हंगाम संपला की ते पोळं सोडून निघून जातात. पिल्लं नसली की किडा उपाशी मरतो. इटालियन माशी मात्र एकाच पेटीत बारा महिने पिल्लं वाढवते. तिच्या घरी त्याची पंगत उठतच नाही.

म्हणजे रोग इटलीहून आला नाही. तो माझ्या चिंचेवरून आला, केळीच्या सोपटाने बांधून. झाल्या प्रकारात एक हात माझा आहे. दुसरा आग्यांचा, पण त्यांना पत्र पाठवता येत नाही.

गयासला जाऊ देऊ नकोस. तो गेला तर तुझा कांदा जाईल, आणि हा किडा त्याच्या मेव्हण्याच्या पेट्यांत उतरेल. उपाय आहे, तो त्याला लिहून देईन. आधी माझ्या वतीने तू त्याची माफी माग. तुला सवय आहे, तुझं लग्न झालेलं आहे.

तुझी,
आवडाअक्का

*

फुलंब्री
१८ फेब्रुवारी २००४

ती. आवडाअक्कांस,
शि. सा. न. वि. वि. माफी मागितली. गयासनं चहा पाजला अन् सांगितलं की शिवी अक्कांच्या हातची हाय, माफीही अक्कांच्याच हातची पाहिजे. टेम्पो शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर येणार.

अक्का, तुम्ही आजवर कुणाची माफी मागितली नाय, हे मला ठाऊक हाय. मी आजवर तुमच्याकडं काही मागितलं नाय, हे तुम्हाला ठाऊक हाय.

तुमचा,
काकासाहेब

*

पडेगाव
१९ फेब्रुवारी २००४

श्री. गयासभाई यांस,
आवडाबाईचा नमस्कार. हे पत्र पुंजाराम कंडक्टर तुमच्या हातात देईल. टेम्पोला थांबायला सांगून मग वाचा.

तुमच्या माश्या रोगट नव्हत्या. त्या माझ्या अंगणात, माझ्या हाताने आजारी झाल्या. त्यांच्या पेटीत मी आग्यांचं पोळं बांधलं, त्यात तो किडा होता. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्हीही पेटी देताना तिच्यात दुसऱ्यांची पिल्लं घालू नका, असं सांगितलं नाहीत. पण असं कुणाला सांगावं लागेल हे तुम्हाला सुचणार तरी कसं? शिवाय आजारी पेटी परत आली तेव्हा ती रांगेबाहेर ठेवायची एवढी साधी गोष्ट तुम्हाला कळू नये, याचं मला आश्चर्य वाटतं. आमच्या शाळेत गोवर आलेली मुलगी... असो. हे माफीचं पत्र आहे.

मी तुम्हाला खोटं म्हटलं. तुम्ही खोटे नाही. चूक माझी. मला माफ करा. ही वाक्यं मी आधी इंग्रजीत लिहून पाहिली. त्या भाषेत ती फार स्वस्त पडतात, म्हणून फाडून टाकली.

आता ऐका. सिल्लोडला जाऊ नका. पिल्लांची सारी पोळी काढून खोल पुरा. राण्यांना पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे काही आठवडे नवी अंडी पडणार नाहीत. पिल्लं नसली की किडा उपाशी मरतो. मोठ्या माश्या तेवढ्या काळात कांद्यावर काम करत राहतील. विद्यापीठातल्या बाईंनी हे मला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मी वाद घातला होता.

ती पोळी पुरणं सोपं नाही, हे जाणते. मी दुसऱ्यांची लेकरं वाचवायला गेले, ती वाचली नाहीत, आणि आता तुमची पुरायला सांगते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. येईल, पण मी तो लिहिणार नाही.

तुमच्या घरी सगीराबींना सलाम.

आपली,
आवडाबाई

*

फुलंब्री, मुक्काम काकासाहेबांचं रान
८ एप्रिल २००४

आदरणीय आवडाअक्का,
आदाब. अल्लाहच्या मेहरबानीनं इथं खैरियत हाय. तुमची खैरियत चाहतो. उशीर झाला, माफी असावी. आमच्यात ती लवकर मागतात.

तुमचं खत मी वाचलं, मग घरी सगीराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ह्यात रागावणं जास्त अन् माफी थोडी, म्हणजे माफी खरी हाय. टेम्पोवाल्याला चहा पाजून रिकामा परत पाठवला.

पोळी पुरली त्या दिवशी जेवण गेलं नाय. काकासाहेब खड्ड्याजवळ बसून माती ओढू लागले. पेट्या निम्म्यावर आल्या. पण ज्या राहिल्या त्यांच्या माश्यांनी दिवसभर कांदा सोडला नाय. राण्या नंतर मोकळ्या केल्या. नवी पिल्लं साफ निघाली, पंख सरळ. मी रोज झाकण टोकरून बघतो, तांबडं काही पळत नाय.

कांद्याला बी धरलं हाय, अक्का. प्लॉट भरला नाय, पण बुडालाही नाय. काकासाहेब येईल त्याच्या हातावर गोंडा चोळून काळं बी दाखवतात. काल बस थांबवून पुंजारामला दाखवलं. पाव्हणे बसमध्ये बसून होते, त्यांनाही दाखवलं.

आता एक अर्ज. सिल्लोडकडच्या पेटीवाल्यांत ही गोष्ट फिरली. आमच्यातले दोघं-तिघं मोहोळाची पोळी अशीच पेटीत बांधायच्या बेतात होते, फुकटची माशी मिळेल म्हणून. पुढच्या इतवारी सारे माझ्या घरी जमणार हायत. तुम्ही या अन् त्यांना दोन्ही ताटल्या दाखवून समजावा. माझं कुणी ऐकत नाय, तुमचं न ऐकायची सोय नाय. सगीरा जेवण करणार हाय. घ्यायला मी स्वतः येतो.

लोभ राहू द्यावा.
तुमचा,
गयास

ता. क. तिथं तुम्ही खुशाल रागवा. फक्त माफी मागू नका. आमची माणसं साधी हायत, घाबरतील.